पत्र्याखाली नॉर्मल किती?

नवा कॉम्प्युटर घरी आला की माणूस पहिल्या संध्याकाळी गाणी लावतो, दुसऱ्या संध्याकाळी कुठून तरी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतो आणि तिसऱ्या संध्याकाळपासून मला फोन करायला लागतो. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसतं. हिरवं असतं तोवर घरात शांतता. पिवळं झालं की फोन.

"ताई, एक्काहत्तर दाखवतंय!"

"काय चालू होतं तेव्हा?"

"काही नाही हो, मुलगा गेम खेळत होता."

"मग खेळू द्या."

"अहो पण एक्काहत्तर?"

जणू मुलाचाच ताप मोजलाय.

मी घरगुती कॉम्प्युटर जोडून देते. घाटकोपरला राहते; मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत जिथून बोलावणं येईल तिथे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाते. त्याआधी अंधेरीच्या एका दुकानात हेच करत होते. त्याच्याही आधी डोंगरावरच्या आमच्या वस्तीत पाण्याच्या नळासाठी पत्रकं लिहीत होते. पत्रकात पहिल्या ओळीत चीड आणि दुसऱ्या ओळीत मागणी असावी लागते, कारण तिसरी ओळ कुणी वाचत नाही. तेव्हा या लेखात लालित्य वगैरे शोधू नका. वय माझं एकोणतीस. या वयात 'थकले' म्हणायची सोय नसते, घरचे हसतात. पण थकले आहे. काम जड नाही. दिवसातून दहादा त्याच एका प्रश्नाचं उत्तर देणं जड आहे.

नॉर्मल आहे ना?

धंदा थोडक्यात सांगते. प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढा चौकोन. कॉम्प्युटरची सगळी आकडेमोड तो करतो आणि करताना तापतो. त्याच्या डोक्यावर मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट लावायची, त्यावर धातूचा कूलर बसवायचा, कूलरला पंखा. चौकोनाची उष्णता पेस्टमधून धातूत, धातूतून हवेत. एवढंच शास्त्र. काही काम नसताना चाळीस-पंचेचाळीस अंश, कामाला जुंपला की सत्तर-ऐंशी. हल्लीचे काही प्रोसेसर तर पंच्याण्णवपर्यंत जायलाच बनवलेत. त्याच्या वर जायची वेळ आली की ते स्वतःहून वेग कमी करतात, तरी भागलं नाही तर बंद पडतात. जळत नाहीत. कुकरची शिट्टी झाली म्हणजे कुकर फुटला असं आपण म्हणतो का?

पण एक गोष्ट कुठल्याच डब्यावर छापलेली नसते. पंखा हवा फेकतो, गारवा तयार करत नाही. खोलीत जी हवा आहे तीच तो कूलरवर मारणार. म्हणजे खोली जितकी तापलेली, तितका आकडा वर चढणार. इंटरनेटवर 'नॉर्मल' म्हणून जे आकडे फिरतात ते कुणाच्या खोलीत मोजले? जिथे खिडकी उघडली की स्वेटर घालावा लागतो तिथे, नाहीतर एसीत. तिथला आकडा आणायचा, इथे मे महिन्यात भिंतीवर चिकटवायचा आणि मग जोडणाऱ्याला चोर म्हणायचं!

पवईला तलावाकडे तोंड करून असलेल्या टॉवरमधला एक मुलगा आहे. त्याचा एसी बावीसवर, दरवाजा बंद, पडदे ओढलेले. त्याचं मशीन मीच जोडलं. काम नसताना बत्तीस दाखवतं. यात माझं कौतुक काही नाही, एसीचं आहे. पण हा मुलगा एका मोठ्या ग्रुपवर गुरुजी होऊन बसलाय. "साठच्या वर गेलं तर समजा जोडणाऱ्याने गंडवलंय," असं तो ठोकून देतो आणि माझे फोन वाढतात. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, एसी बंद करून दुपारी मोजून दाखव ना एकदा." तर म्हणाला, "एसी बंद करून कोण बसतं यार?"

कोण बसतं, ते मी त्याला सांगितलं नाही. दमले होते.

मुलुंडचे एक निवृत्त साहेब आहेत. सकाळच्या फेरीनंतर बागेतल्या बाकावर बाकीची मंडळी एकमेकांना शुगर सांगतात, हे प्रोसेसर सांगतात. "आज उपाशीपोटी एकेचाळीस!" त्यांच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या एकांचं अडतीस येतं म्हणून त्यांनी माझ्याकडून पेस्ट दोनदा काढून पुन्हा लावून घेतली. शेवटी मी त्या दुसऱ्यांच्या घरी गेले. त्यांचं घर उत्तरेला, यांचं पश्चिमेला. साहेबांना सांगितलं, घर फिरवा. बोरिवलीच्या एका बाईंनी इंटिरियरवाल्याच्या सल्ल्याने सगळं कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, सागवानी कपाटात कोंडलं होतं, वरून पोपटांचं भरतकाम केलेला अभ्रा. मी कपाटाचं दार उघडलं तर आतून भाताच्या पातेल्यासारखी वाफ. "अहो, धूळ बसते ना," त्या म्हणाल्या. मग मला नीट न्याहाळून, "माणूस नाही का पाठवला कुणी?" मी म्हटलं, "मीच आलेय, चालेल तेवढं चालवून घ्या."

असल्या गमती सांगत बसले तर पानं भरतील. मला खरं सांगायचंय ते दीप्तीचं.

वाकोल्याला परब म्हणून एक कुटुंब आहे, मूळचं मालवणकडचं. आजोबा गिरणीत होते, वडील एका बँकेच्या दारावर सिक्युरिटी सुपरवायझर, आई घरून घावणे-आंबोळ्यांच्या ऑर्डरी घेते. एक खोली आणि वर पोटमाळा. पोटमाळ्यावर थेट सिमेंटचा पत्रा. दीप्ती त्यांची एकुलती मुलगी. अंधेरीला एका गोदामात उभ्याने पॅकिंगचं काम करायची, आणि सुट्टीच्या दिवशी ॲनिमेशनचा कोर्स. गोरेगावच्या एका स्टुडिओने तिला घरून काम करायची चाचणी दिली होती. काम असं की शूटिंगमधला माणूस एकेका चित्रातून कडेकडेने कापून बाजूला काढायचा, म्हणजे त्याच्यामागे डोंगर लावा नाहीतर चंद्र. किचकट काम, डोळे फोडणारं. चाचणीतले सगळे शॉट, म्हणजे शूटिंगचे तुकडे, वेळेवर गेले तर कायमचं काम, नाही गेले तर परत गोदाम. त्यासाठी घरच्यांनी गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर नवा कॉम्प्युटर घेतला. माझ्याकडून नाही, मी ज्या दुकानातून बाहेर पडले तिथूनच.

कुणीतरी माझा नंबर दिला म्हणून दीप्तीच्या आईचा, काकींचा, फोन आला. "बाय, आमचा मशीन मधीच मरता. चेडू रडता. येशीत काय?"

गेले. शिडीवरून पोटमाळ्यावर चढले तर डोकं पत्र्याला टेकतंय. एक टेबल, खाली कॅबिनेट, एक छोटा पंखा दीप्तीच्या तोंडावर. गळ्याभोवती ओला पंचा गुंडाळून ती बसलेली. खाली परबकाका आरामखुर्चीत, हात भिंतीवरच्या बटणाजवळ.

"कधी बंद पडतं?" मी विचारलं.

"कधीही," दीप्ती म्हणाली. "काम करता करता एकदम काळोख. सेव्ह केलेलं नसतं, सगळं जातं."

मी तिला शॉट चालू करायला सांगितलं आणि आकड्याकडे बघत बसले. सत्तर. पंच्याहत्तर. दीप्तीने खाली हाक मारली, "पप्पा, ऐंशी झाले हां!" आणि पुढच्या क्षणी स्क्रीन काळा.

मी शिडीवरून खाली वाकून बघितलं. काका बटणावरून हात काढत होते.

"काका, तुम्ही बंद केलंत?"

"मग? ऐंशी झाले ना!" काका शांतपणे म्हणाले. "शंभरला पाणी उकळतं. ऐंशीला बंद केलेलं बरं. नवीन वस्तू आहे."

"पप्पाऽऽ!" दीप्ती ओरडली. "म्हणजे इतके दिवस तुम्ही? माझ्या कामाची वाट लागली ना!"

"तूच तर सांगायचीस ना गो ऐंशी झाले म्हणून? मला वाटलं बंद करायलाच सांगतेस."

काकी तव्यावरून म्हणाल्या, "बापूस आणि चेडू, दोगांचाय डोक्या एकाच दुकानातला."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून लक्षात आहे. काकांना कुकरच्या शिट्टीचं सांगितलं, बटणाला चिकटपट्टी लावली आणि वाटलं, झकास, सुटला प्रश्न. म्हटलं जायच्या आधी एकदा पुरा शॉट चालवून बघू. ऐंशी झाले, पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव. वेग मंदावला. शंभर. आणि बटणाला कुणीही हात न लावता मशीन स्वतःच बंद पडलं.

काका खालून म्हणाले, "मी नाही हां."

कॅबिनेटची बाजू उघडली. पेस्ट ठीक, कूलर घट्ट. पंखा बोटाने फिरवला तर अर्ध्यावर अडकला. एक पातं मोडलेलं. पंख्याच्या गोल कडीच्या तळाशी काहीतरी लाल चमकलं. चिमट्याने काढलं तर तांदळाचे दाणे. कुंकू लावलेले. खाली मुख्य सर्किट बोर्डावर आणखी काही सांडलेले.

"अक्षता," दीप्ती म्हणाली.

ते दुकान मला चांगलं माहीत आहे, त्यामुळे मी लगेच ओळखलं. तिथे मुहूर्ताच्या दिवशी घेतलेल्या प्रत्येक मशीनची काउंटरवर पूजा होते. मालकाची बायको, म्हणजे वहिनी, ताट घेऊन येतात. हळद-कुंकू, आरती, मशीनवर अक्षता, घरच्यांचा एक फोटो. लोक त्याच्यासाठीच त्या दुकानात जातात. मोटारसायकलवर अक्षता टाकल्या तर त्या रस्त्यावर पडतात. पण हल्लीच्या कॅबिनेटला वरून हवा जायला भोकं भोकं असतात, आणि त्यांच्यावरची जाळी या दुकानात पूजेच्या वेळी काढून ठेवतात. का, तर फोटोत आतले रंगीत दिवे छान दिसतात. मी तिथे असताना हे बोलले होते. दादा, म्हणजे मालक, म्हणाले होते, "तुला सगळ्यातच खोट दिसते."

पंखा काही फार मोठी वस्तू नाही. काकाच म्हणाले, "नवीन बसव ना, कशाला भानगड?" पण बंद पडत पडत बोर्डाला, प्रोसेसरला काय झालंय ते लगेच कळत नाही. उद्या काही निघालं तर वॉरंटी लागणार. आणि खरं सांगायचं तर माझं डोकंही फिरलं होतं.

आम्ही तिघी दुकानात गेलो. दीप्ती, काकी आणि मी. तो अक्षय तृतीयेचा दिवस निघाला, दुकान खच्चून भरलेलं. दादांनी कॅबिनेटमध्ये टॉर्च मारला, दाणे बघितले आणि मान हलवली.

"बाहेरची वस्तू आत गेलीय. वॉरंटी संपली."

"पंख्याची?"

"सगळ्या मशीनची. नियम आहे."

दीप्तीचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, "दादा, माझं काम आहे हो त्याच्यावर."

"मी काय करू? घरी पूजा करताना बघायला नको?"

मग काकी पुढे झाल्या. पदर खोचला. "आमी घराक पूजा करूकच नाय. तुमीच केल्यात मा? मगे आमी परत कित्याक करतलंव?"

"इथे आम्ही नुसतं कुंकू लावतो, काकी. अक्षता वगैरे काही..."

तेवढ्यात शेजारच्या काउंटरवर घंटी वाजली. एक नवं मशीन, त्याच्याभोवती कांदिवलीचं एक कुटुंब नटून थटून उभं, आणि वहिनींनी ताटातून मूठ उचलून मशीनवर टाकली. टप टप टप. जाळी बाजूला ठेवलेली. दाणे भोकांतून आत गेले, आतल्या निळ्या दिव्यात चमकले. कुटुंबाने टाळ्या वाजवल्या.

काकींनी दादांकडे बघितलं. दादांनी वहिनींकडे. वहिनींनी प्रसादाचा पेढा पुढे केला, "घ्या ना, काकी."

"ठेव तो थयच," काकी म्हणाल्या. "आधी ह्येंका इचार, ह्यो तांदूळ खयचो."

दुकानात हशा पिकला. कांदिवलीच्या घरातल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या आपल्या मशीनमध्ये वाकून बघायला लागल्या. "आत गेले का हो? काढा ना ते आधी!" मी दादांना म्हटलं, "लेखी द्या, वॉरंटी चालू आहे म्हणून. नाहीतर मी इथेच उभी राहते आणि मुहूर्ताचं प्रत्येक मशीन उघडायला सांगते." दादा मला ओळखतात. मी उभी राहिले की उभी राहते. त्यांनी नवा पंखा काढला, बोर्ड तपासून दिला आणि बिलावर 'वॉरंटी चालू' लिहून सही केली. सही करताना पुटपुटले, "तू पत्रकंच वाटायला हवी होतीस."

निघताना दीप्ती म्हणाली, "ताई, जिंकलो ना आपण?"

मी हो म्हटलं. नळाच्या चळवळीत शिकलेली गोष्ट आहे, जिंकल्यावर लगेच घरी जाऊन नळ उघडून बघायचा. पाणी येतंय का?

पोटमाळ्यावर नवा पंखा बसवला. मशीन बंद पडायचं थांबलं. पण ऐन दुपारी शॉट चालू असताना आकडा ब्याण्णववर जाऊन थांबला, खाली यायला तयार नाही. मी सोबत नेलेलं साधं थर्मामीटर टेबलावर ठेवलं. खोलीच एकेचाळीस. त्या हवेत कोणता पंखा काय करणार? कॅबिनेट खाली न्यायचं म्हटलं तर खाली शेगडी, आणि रात्री तिघांची अंथरुणं. पत्र्याखाली थर्माकोल लावायचं म्हटलं तर घरमालक खिळा मारू देत नाही. पत्र्याला पांढरा रंग द्यायचा तर त्याचीच परवानगी. मी एक मागणी काढली की तिच्या आड एक अडचण उभी.

"नॉर्मल आहे ना?" काकांनी खालून विचारलं.

आता काय सांगणार? कंपनीच्या हिशेबाने नॉर्मल. हा प्रोसेसर पंच्याण्णवपर्यंत सोसायला बनवलाय आणि नाही सोसलं तर हळू व्हायची त्याला मुभा आहे. मी सांगितलं, "मशीनसाठी नॉर्मल आहे, काका."

तरी एक केलं. प्रोसेसरला किती वीज खायची याची मर्यादा घालता येते, ती घातली. थोडं हळू चालणार, पण कमी तापणार. आकडा अठ्ठ्याहत्तरवर आला, कॅबिनेटमागून येणारा झोत जरा निवला. काका खूश. ऐंशीच्या आत होतं ना.

थोड्याच दिवसांनी दीप्तीचा फोन. "ताई, ते जे बंधन घातलंस ना, ते काढ."

"का गं?"

"शॉट उशिरा निघतात. माझ्या बरोबरीची मुलं पुढे गेली. चाचणी संपत आलीय."

मी गेले आणि भाषण द्यायला लागले. मशीन जपायला हवं, तुझ्या अंगावर उष्णता येते, स्टुडिओने घरून काम करणाऱ्यांची सोय बघायला हवी, सगळ्यांनी मिळून लिहून द्यायला हवं. ती माऊस न सोडता ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "तू बरोबर आहेस ताई. पण मशीन जुनं झालं तर दुसरं मिळेल. हे काम गेलं तर मी परत बारा तास उभी राहणार. काढ ना."

मी मर्यादा काढली. आकडा भराभर चढला. काकी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर सरबताचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "किती झाला?"

"ब्याण्णव."

"आणि चेडवाचा किती?"

दीप्ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "गप गो आई, शॉट जाऊंदे."

तिचे सगळे शॉट गेले. तिला काम मिळालं. गोदामाकडे तिने परत बघितलं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल आता काहीतरी रडकं येणार.

पण कायमचं काम म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऑनलाइन हजर. मे संपता संपता काकींचा पुन्हा फोन आला, यावेळी मशीनसाठी नाही. दीप्तीला दुपारी चक्कर आली, शिडी उतरताना. वेळेवर काकींनी धरलं. मी भरदुपारी गेले तेव्हा ती पुन्हा वर जाऊन बसली होती. डोळे लाल, ओठ सुकलेले.

"स्टुडिओला सांग ना," मी म्हटलं. "दुपारचे तीन तास सुट्टी माग, रात्री भरून दे."

"मागितली." तिने फोनवरचा निरोप दाखवला. काम वाटून देणाऱ्या माणसाने लिहिलं होतं, सगळेच घरून करतात, सगळ्यांनाच गरम होतं, ॲडजस्ट कर.

मी पेटले. म्हटलं, "मी लिहिते त्याला. मला नंबर दे. मजुराला उन्हात..."

"ताई, थांब." दीप्तीने माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात कॅबिनेटइतका गरम होता. "तू लिहिलंस तर तो मला काढेल. तू माझ्याबद्दल नको लिहू. मशीनबद्दल लिही."

"मशीनबद्दल काय?"

"की ते तापतं. दुपारी बंद ठेवायला पाहिजे. तू टेक्निशियन आहेस ना?"

"अगं पण मशीन नॉर्मल आहे."

"ते तुला माहितीये. त्याला कुठे माहितीये?"

मला या धंद्यात एकाच गोष्टीचा अभिमान आहे. मी कुणाला घाबरवून पैसे काढले नाहीत. ऐंशीला ऐंशी म्हटलं, चांगल्याला चांगलं म्हटलं. दुकानात असताना 'मॅडम, हे तर धोक्याचं आहे' असं गिऱ्हाइकाला सांगून महागडा कूलर गळ्यात मारायला शिकवायचे, ते मी केलं नाही, म्हणून तर बाहेर पडले. आणि आता ही पोरगी मला तेच वाक्य लिहायला सांगत होती.

लिहिलं. तिच्याच टेबलावर, माझ्या फोनवर, माझ्या नावानिशी. "सदर संगणक तपासला असता दुपारच्या वेळी प्रोसेसरचे तापमान ब्याण्णव अंशांपर्यंत जाते असे आढळले. हे नॉर्मल नाही. दुपारी एक ते चार यंत्र पूर्ण बंद ठेवणे आवश्यक आहे." एवढं साधं पत्रक मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. चीड नाही, मागणी एकच.

दीप्तीने ते पुढे पाठवलं. आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. घामाचा एक थेंब तिच्या हनुवटीवरून कीबोर्डवर पडला, तिने तो पंच्याने टिपला, आधी कीबोर्डवरचा, मग स्वतःचा.

उत्तर लगेच आलं. तीन तास मंजूर. खाली लिहिलं होतं, "सिस्टीमची काळजी घे."

खालून काकींनी विचारलं, "काय म्हणता गो तो?"

"मशीनला सुट्टी दिली, आई. रोज दुपारची."

"बरा झाला," काकी म्हणाल्या. भांडी बाजूला सरकवल्याचा आवाज आला, मग चटई झटकल्याचा. "मगे ये खाली. तूय पड जरा."

दीप्तीने मशीन बंद केलं. पंख्याची घरघर थांबली तसा पत्र्याचा तडतड आवाज ऐकू यायला लागला. ती शिडीवरून एकेक पायरी धरून उतरली आणि चटईवर आडवी झाली. काकींनी माझ्यासाठीही एक उशी टाकली. मला पुढे मुलुंडला जायचं होतं, साहेबांचं एकेचाळीसचं बेचाळीस झालं होतं. मी फोन बंद केला आणि पडले.